वाण, भूमी आणि नाव : थंड हवामानाच्या फ्रेंच प्रदेशांतील वाइन-वर्गीकरणाचा इतिहास आणि महाराष्ट्राचा अनुभव

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे गाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. ऐन व अर्जुन या झाडांवर पोसलेल्या किड्यांचे कोष, त्यांतून काढलेला टसर धागा आणि हातमागावर विणलेले वस्त्र ही या परिसराची जुनी कारागिरी होय. विदर्भातील याच परंपरेतील 'करवत काठी' साडीला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे. मात्र नोंदणीत जे नाव आले ते कोणत्याही गावाचे अथवा नदीखोऱ्याचे नाही; ते काठावरील करवतीसारख्या दातेरी नक्षीचे आहे. 'शॅम्पेन', 'शाब्ली', 'सांसेर' ही जगप्रसिद्ध नावे मात्र निखळ स्थलवाचक आहेत. एखाद्या वस्तूची प्रत कशाला चिकटलेली असते? तिच्या कच्च्या मालाला, जमिनीला, गावाला, करणाऱ्याच्या हाताला की विकणाऱ्याच्या पेढीला? हा प्रश्न युरोपात सर्वांत आधी आणि सर्वांत कडवटपणे द्राक्षमद्याच्या संदर्भात विचारला गेला. त्याची उत्तरे पुढे आंतरराष्ट्रीय कायद्यात आली व तेथून भारतीय कायद्यातही उतरली. म्हणूनच फ्रान्सच्या उत्तर व पूर्व भागातील द्राक्षवाणांचा व वर्गीकरणांचा इतिहास हा महाराष्ट्रातील अभ्यासकाला परका राहत नाही. मद्याच्या इतिहासाचा अभ्यास म्हणजे मद्यपानाची भलामण नव्हे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी.

थंडी आणि वाणांची निवड

द्राक्षवेल मूलतः उष्ण, कोरड्या उन्हाळ्याची सोबती. शॅम्पेन प्रांत सुमारे ४९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तेथील वार्षिक सरासरी तापमान ११ अंश सेल्सिअसच्या आसपास राहत आले आहे. अशा ठिकाणी द्राक्ष पिकणे हाच दरवर्षीचा प्रश्न असतो. वसंतात कळ्या फुटल्यावर पडणारे दहिवर एका रात्रीत पीक नेते. शरदातील पाऊस उरलेले कुजवतो. फळात साखर पुरेशी उतरत नाही, आम्लता मात्र टिकून राहते. परिणामी या प्रदेशांत वाण निवडताना लवकर पिकणारा आणि थंडी सोसणारा वाण कोणता, हा विचार चवीच्याही आधी करावा लागला. शॅम्पेन व बर्गंडीत पिनो न्वार आणि शार्दोने, शॅम्पेनच्या दहिवरप्रवण खोऱ्यांत उशिरा फुटणारा म्यूनिए, अल्सासमध्ये रीसलिंग व गेवुर्त्सट्रामिनर, ल्वार नदीच्या खोऱ्यात शेनिन ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ, ज्युरा पर्वताच्या पायथ्याशी सावान्यँ, अशी ही वाटणी शेकडो वर्षांच्या नुकसानीतून घडली आहे. १७०९ च्या भीषण हिवाळ्यात अटलांटिक किनाऱ्याजवळील नांत परिसरातील मळे गारठून मेले, तेव्हा तेथे बर्गंडीकडून आलेला 'मेलों' हा काटक वाण पसरला. आज 'म्युस्काडे' या नावाने विकली जाणारी वाइन त्याच आपत्तीचे अपत्य आहे.

वाणाच्या प्रश्नात राजसत्तेने हात घातल्याचे ठळक उदाहरण १३९५ चे आहे. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने त्या वर्षी फर्मान काढून 'गामे' हा वाण उपटून टाकण्याचा आदेश दिला. गामे भरघोस पीक देतो आणि पिनोपेक्षा लवकर हाती येतो. प्लेगनंतर मनुष्यबळ घटलेल्या शेतकऱ्याला तो सोयीचा होता. ड्यूकला मात्र बर्गंडीच्या वाइनचा लौकिक, म्हणजेच दरबाराचा मान आणि महसूल, धोक्यात आलेला दिसत होता. येथे शेतकऱ्याचे पोट आणि प्रदेशाचे नाव यांच्यातील संघर्ष प्रथमच कायद्याच्या भाषेत नोंदला गेला असे म्हणता येईल. या कथेला विज्ञानाने अलीकडे एक उपरोधिक जोड दिली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत असे आढळले की शार्दोने, गामे, आलिगोते व मेलों हे सारे वाण पिनो आणि 'गुए ब्लाँ' नावाचा एक हलका समजला जाणारा वाण यांच्या संकरातून जन्मलेले आहेत. ज्या गामेला ड्यूकने हद्दपार केले तो पिनोचाच पुत्र होता आणि ज्या शार्दोनेला सर्वोच्च मान मिळाला तो त्याच गामेचा सख्खा भाऊ!

शॅम्पेनचे बुडबुडे हेही थंडीचेच देणे. शरदात सुरू झालेले किण्वन हिवाळ्याच्या गारठ्यात थांबे आणि वसंतात, कधी पिंपात तर कधी बाटलीत, पुन्हा सुरू होई. ओव्हिलेच्या मठातील भिक्षू दों पेरिन्यों (मृत्यू १७१५) याने बुडबुड्यांचा शोध लावला ही लोकप्रिय कथा इतिहासाला धरून नाही. त्याचे खरे कौशल्य निरनिराळ्या मळ्यांची द्राक्षे मिसळण्यात होते आणि बुडबुडे हा त्याच्या काळी दोषच मानला जाई. वाइनमध्ये साखर घालून ती फसफसवण्याच्या रीतीचे वर्णन ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्याने १६६२ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचले होते. निसर्गाच्या अडचणीतून आलेला दोष हाच पुढे प्रदेशाचा अलंकार ठरला आणि त्याची मालकी कोणाची हा वाद उभा राहिला.

तुकडा, गाव आणि पेढी

फ्रान्समधील वाइन-वर्गीकरण म्हटले की प्रथम १८५५ चे बोर्दोचे वर्गीकरण आठवते. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभावाच्या आधारे ही यादी केली आणि तिने दर्जा दिला तो 'शातो'ला, म्हणजे पेढीला. पेढीने शेजारची जमीन विकत घेतली तरी दर्जा कायम राहतो. थंड प्रदेशांनी हा मार्ग स्वीकारला नाही.

बर्गंडीत दर्जा जमिनीच्या तुकड्याला आहे. सीतो येथे १०९८ मध्ये स्थापन झालेल्या मठाच्या साधूंनी पिढ्यान्‌पिढ्या मळे राखले आणि उताराचा कोणता भाग कसे फळ देतो याचे ज्ञान साठवले. या तुकड्यांना तेथे 'क्लिमा' म्हणतात. आपल्याकडे गावातील शेतांना 'आंब्याचे शेत', 'वरची बांधी' अशी नावे असतात, तशीच ही नावे आहेत. फरक इतकाच की तेथे ती बाटलीवर आली. १८५५ मध्येच डॉ. ज्यूल लाव्हाल यांनी कोत-द-ऑर भागातील मळ्यांची प्रतवारी प्रसिद्ध केली, १८६१ मध्ये बोनच्या कृषी समितीने तिच्या आधारे नकाशा तयार केला आणि विसाव्या शतकातील कायदेशीर प्रतवारी मोठ्या प्रमाणात त्याच नकाशावर उभी राहिली. सर्वांत वर ३३ 'ग्राँ क्रू', त्याखाली शेकडो 'प्रमिए क्रू', मग गावाच्या नावाची वाइन आणि तळाशी केवळ प्रांताच्या नावाची, अशी ही उतरंड आहे.

या व्यवस्थेचे मर्म क्लो द वूजो या मळ्यात दिसते. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, पुढे समान वारसाहक्काने त्यांचे तुकडे होत गेले. आज सुमारे ५० हेक्टरच्या या एका कुंपणात सुमारे ८० मालक आहेत. भाऊवाटणीने शेतीचे तुकडे पडण्याचा अनुभव ज्या समाजाला आहे त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. पण तेथे तुकडा लहान झाला तरी त्याचा दर्जा घटत नाही. दर्जा मालकाचा नव्हे, भूमीचा आहे. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. ८० मालकांपैकी निष्काळजी मालकालाही तोच मान मिळतो आणि खरा जाणकार नाव मळ्याचे नव्हे तर करणाऱ्याचे पाहून बाटली घेतो. नावाची ओढ इतकी, की १८४७ मध्ये जव्हरे या गावाने आपल्या सर्वांत प्रसिद्ध मळ्याचे नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतले व ते 'जव्हरे-शांबेर्तँ' झाले.

बर्गंडीच्या उत्तर टोकाला असलेल्या शाब्लीत थंडी अधिक कठोर. एकोणिसाव्या शतकात योन जिल्ह्यात सुमारे ४०,००० हेक्टर द्राक्षमळे होते. फायलोक्सेरा ही कीड, रेल्वेने येणारी दक्षिणेची स्वस्त वाइन आणि वारंवारचे दहिवर यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाब्लीचे क्षेत्र काहीशे हेक्टरांवर आले. विशेष म्हणजे खुद्द शाब्ली मरणपंथाला लागलेली असताना कॅलिफोर्नियात कोणत्याही साध्या पांढऱ्या वाइनला 'शाब्ली' म्हणून विकले जात होते. गाव ओस पडत होते आणि नाव जगभर फिरत होते.

शॅम्पेनची पद्धत वेगळी. तेथे तुकड्याला नव्हे, संपूर्ण गावाला दर्जा आहे. यामागे कारण आहे. शॅम्पेनची वाइन अनेक गावांच्या द्राक्षांच्या मिश्रणातून बनते आणि ती बनवणाऱ्या बड्या पेढ्या बहुतांश द्राक्षे छोट्या शेतकऱ्यांकडून विकत घेत आल्या. त्यामुळे वर्गीकरणाचा मूळ हेतू ग्राहकाला मार्गदर्शन हा नव्हताच, तो शेतकऱ्याच्या मालाचा भाव ठरवण्याचा होता. 'एशेल दे क्रू' या श्रेणीत प्रत्येक गावाला टक्केवारी होती. १०० टक्क्यांचे गाव 'ग्राँ क्रू', ९० ते ९९ टक्क्यांचे 'प्रमिए क्रू'. हंगामाचा जो भाव ठरे त्याच्या तितके टक्के त्या गावच्या शेतकऱ्याला मिळत. उसाच्या भावासाठी उताऱ्याचा निकष लावणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे गणित चटकन समजेल. १९८५ मध्ये पाच गावांना बढती मिळून ग्राँ क्रू गावांची संख्या १७ झाली. १९९० मध्ये बंधनकारक भावाची पद्धत संपली. मूळ आर्थिक आशय गेला आणि बाटलीवरील बिरुद तेवढे मागे राहिले.

१९११ : नावासाठी पेटलेली गावे

ही श्रेणी ज्या वर्षी अस्तित्वात आली ते १९११ हे साल शॅम्पेनच्या इतिहासात रक्त, आग आणि सैन्य यांचे साल आहे. फायलोक्सेराने मळे पोखरलेले होते. १९०७ पासून हंगाम मागून हंगाम वाया जात होते आणि १९१० मध्ये दहिवर, पाऊस व बुरशी यांनी पीक जवळजवळ नाहीसे केले. तरीही पेढ्यांच्या तळघरांतून शॅम्पेनच्या बाटल्या नेहमीसारख्याच बाहेर पडत होत्या. ल्वारकडून व दक्षिण फ्रान्सकडून रेल्वेने स्वस्त वाइन येत होती आणि तिला शॅम्पेनचे नाव मिळत होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही केवळ भेसळ नव्हती. त्याच्या गावाचे नाव वापरून त्यालाच बाजारातून हुसकण्याचा तो प्रकार होता. जानेवारी १९११ मध्ये दामरी व ओव्हिले येथे जमावाने बाहेरून आलेल्या वाइनची पिंपे फोडली आणि ती मार्न नदीत ओतली.

शासनाने तोवर सीमा आखली होती. १ ऑगस्ट १९०५ च्या भेसळविरोधी कायद्याने प्रदेशांच्या सीमा ठरवण्याचा अधिकार प्रशासनाला दिला आणि डिसेंबर १९०८ च्या आदेशाने शॅम्पेन म्हणजे मुख्यतः मार्न जिल्हा व एन जिल्ह्याचा काही भाग असे ठरले. दक्षिणेकडील ओब जिल्हा वगळला गेला. यातूनच दुसरा भडका उडाला. ओबच्या शेतकऱ्यांचा युक्तिवाद इतिहासाचा होता : त्यांच्या जिल्ह्यातील त्र्वा हे शहर मध्ययुगात शॅम्पेनच्या काउंटांची राजधानी होते, राजधानीच प्रांताबाहेर कशी? मार्नकडील लोकांचा युक्तिवाद भूमीचा व वाणाचा होता : त्यांच्याकडे खडूची जमीन, ओबकडे शाब्लीसारखी चुनखडीयुक्त चिकणमाती, त्यांच्याकडे पिनो व शार्दोने, ओबकडे मोठ्या प्रमाणात तोच हद्दपार झालेला गामे. दोन्ही युक्तिवाद आपापल्या जागी खरे होते आणि म्हणूनच वाद सुटणे कठीण होते.

एप्रिल १९११ मध्ये त्र्वा येथे प्रचंड निदर्शने झाली. ११ एप्रिलला सिनेटने सीमांकन रद्द करण्याच्या बाजूने कौल दिल्याची बातमी मार्न खोऱ्यात पोहोचताच त्या रात्री व दुसऱ्या दिवशी आयी या गावात पेढ्यांची गोदामे फोडण्यात आली, इमारती पेटवण्यात आल्या, बाटल्यांचा खच पडला. हजारो सैनिक खोऱ्यात तैनात करावे लागले. जूनमध्ये ओबला 'शॅम्पेन, दुसरा विभाग' असे दुय्यम नाव देण्यात आले. ज्यांना नावच हवे होते त्यांना दुय्यमपणाचा शिक्का मिळाला आणि कोणाचेही समाधान झाले नाही. पुढे महायुद्ध आले व हेच मळे खंदकांनी चिरले गेले. १९१९ च्या कायद्याने वाद न्यायालयांकडे सोपवला आणि अखेर २२ जुलै १९२७ च्या कायद्याने ओबला पूर्ण शॅम्पेन म्हणून स्वीकारले. त्याच वेळी मान्य वाणांची यादी निश्चित करून गामे टप्प्याटप्प्याने हटवण्याची अट घातली. सीमेत प्रवेश मिळाला तो वाण बदलण्याच्या किमतीवर. सीमा आणि वाण हे दोन वेगळे प्रश्न नसून एकाच सौद्याच्या दोन बाजू आहेत, हे यातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होते. मात्र श्रेणीतील १०० टक्क्यांच्या यादीत ओबचे एकही गाव कधी आले नाही.

या अनुभवावर ३० जुलै १९३५ चा कायदा उभा राहिला. जोझेफ काप्युस यांच्या पुढाकाराने झालेल्या या कायद्याने 'नियंत्रित मूळनाव' ही संकल्पना आणली. केवळ सीमा आखून भागत नाही. वाण, हेक्टरी उत्पादन, छाटणी आणि निर्मितीची रीत हे सारे नावाशी बांधले पाहिजे, हा तिचा गाभा होता. ज्युरातील आर्ब्वा हे १९३६ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या काही नावांपैकी एक होय.

अल्सास : वाणाच्या नावाची वाइन

अल्सासची गोष्ट राजकीय सीमेची आहे. १८७१ ते १९१८ हा प्रदेश जर्मन साम्राज्यात होता आणि त्या काळात तेथील वाइन मुख्यतः स्वस्त मिश्रणासाठी वापरली जाई. फ्रान्समध्ये परतल्यावर वाण सुधारण्यास व प्रतिष्ठा उभारण्यास वेळ लागला. नियंत्रित मूळनाव मिळाले ते थेट १९६२ मध्ये. फ्रान्सच्या इतर भागांत बाटलीवर स्थळाचे नाव असते व वाण गृहीत धरला जातो. अल्सासमध्ये मात्र रीसलिंग, पिनो ग्री अशी वाणाची नावे ठळक छापली जातात. १९७५ पासून तेथे ग्राँ क्रू मळे मान्य होऊ लागले व त्यांची संख्या ५१ झाली. पण त्यांतही बहुतेक ठिकाणी रीसलिंग, गेवुर्त्सट्रामिनर, पिनो ग्री व मुस्कात या चार 'उच्चकुलीन' वाणांनाच प्रवेश होता. २०२२ मध्ये दोन मळ्यांत लाल पिनो न्वारलाही ग्राँ क्रूचा मान मिळाला. हवामान तापत चालल्याचा हा दाखला होय. जेथे लाल द्राक्ष पुरते पिकत नसे तेथे ते आता पिकते.

अल्सासने स्वतः एक उसने नावही वापरले होते. पिनो ग्रीला तेथे शतकानुशतके 'टोके' म्हणत. हे नाव हंगेरीच्या तोकाय प्रदेशाचे. युरोपीय समुदाय व हंगेरी यांच्यातील करारानुसार २००७ पासून अल्सासला ते सोडावे लागले. आपल्या नावासाठी जगभर दावे लढवणाऱ्या फ्रान्सलाही दुसऱ्याचे नाव परत करावे लागले, हे नोंद घेण्याजोगे आहे.

दख्खनची वेल

महाराष्ट्रात द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात असे नोंदवले आहे. या एका निरीक्षणात दख्खन आणि शॅम्पेन यांच्यातील सारा फरक सामावलेला आहे. थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात झोपते व वर्षाला एकच पीक देते. येथे ती झोपतच नाही. तिला छाटणीनेच शिस्त लावावी लागते. एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधील गोडी छाटणी या दुहेरी पद्धतीने शेतकरी पावसाळ्यातील फळ टाळून जानेवारी ते मार्च या काळात माल हाती घेतो. शॅम्पेनमध्ये शेतकऱ्याची चिंता साखर उतरण्याची. म्हणून तेथे रसात साखर घालण्यास कायद्याने वाव आहे. नाशिकमध्ये साखर सहज उतरते, पण तापमान चढू लागताच आम्लता ढासळते. म्हणून येथे आम्ल घालावे लागते.

वाणांच्या बाबतीत महाराष्ट्रातील शेतकऱ्याने जी निर्मिती केली ती खाण्याच्या द्राक्षांत. थॉम्पसन सीडलेस या परदेशी वाणातील नैसर्गिक बदल हेरून तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' निवडला. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' व 'शरद सीडलेस' विकसित केले. पिनो ग्री व पिनो ब्लाँ हेही पिनो न्वारवर आपोआप झालेले रंगबदलच आहेत. मळ्यात फिरताना एका वेगळ्या फांदीवर थांबणारी नजर बर्गंडीत होती तशीच बोरगाव-नान्नजलाही होती. 'तास-ए-गणेश' या नावात तर तासगावही आहे. परंतु ही द्राक्षे ताटातली. वाइनसाठी महाराष्ट्राने वाण आयात केले आणि त्यांबरोबर नावेही.

१९८० च्या दशकात या उद्योगाची आधुनिक सुरुवात झाली आणि ती शॅम्पेनच्याच तंत्राने झाली, हा योगायोग नव्हे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांच्या कंपनीने पीपर-हाइडसिक या शॅम्पेनमधील पेढीच्या तांत्रिक साहाय्याने फसफसणारी वाइन तयार केली व ती 'ओमर खय्याम' नावाने परदेशी पाठवली. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत येथे शेतकरी चळवळीतील नेते माधवराव मोरे यांच्या पुढाकाराने असाच प्रयत्न झाला. कर्नाटकात नंदी हिल्सजवळ कंवल ग्रोव्हर यांनी जॉर्ज व्हेसेल यांचे मार्गदर्शन घेतले; व्हेसेल हे शॅम्पेनमधील बूझी या १०० टक्क्यांच्या ग्राँ क्रू गावाचे महापौर होते. ज्या गावाची ख्याती पिनो न्वारवर उभी आहे तेथील माणूस दक्षिण भारतातील मळ्यांसाठी वाण पारखत होता. नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रात स्थिरावलेले वाण म्हणजे शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ व काबर्ने सोव्हिन्यों. पहिले दोन ल्वारच्या थंड खोऱ्यातील. पैकी शेनिन मुळातच आम्लप्रधान असल्याने नाशिकच्या उन्हातही त्याचा ताजेपणा बराचसा टिकतो. पिनो न्वारसारखा नाजूक वाण येथे सहजी रमत नाही.

नाव कोणाचे?

नारायणगावच्या कंपनीच्या नावातच 'शॅम्पेन' हा शब्द होता. १९९४ मध्ये जागतिक व्यापार करारांच्या अंतर्गत बौद्धिक संपदेचा जो करार झाला त्याच्या २३ व्या कलमाने वाइन व इतर मद्यांच्या स्थलनामांना विशेष संरक्षण दिले. ग्राहकाची दिशाभूल होवो वा न होवो, नाव वापरणेच निषिद्ध झाले. इतर वस्तूंना मात्र २२ व्या कलमाचे सौम्य संरक्षण आहे, जेथे दिशाभूल सिद्ध करावी लागते. म्हणजेच १९११ मध्ये मार्नकाठी पेटलेल्या गावांची मागणी जागतिक कायदा झाली. दार्जिलिंगचा चहा वा पैठणी यांना त्या कराराने तितके कवच दिले नाही. भारताने १९९९ मध्ये भौगोलिक मानांकनाचा कायदा केला व तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्या कायद्याखाली भारतातही 'शॅम्पेन'ची नोंद झाली. नारायणगावच्या कंपनीच्या नावातून तो शब्द गळाला आणि ती 'इंडेज व्हिंटनर्स' झाली. २०१३ मध्ये मोएत-हेनेसी या शॅम्पेनमधील बलाढ्य समूहाने दिंडोरी येथे वाइन सुरू केली तेव्हा त्यांनाही ती केवळ 'शाँदों' नावानेच विकता आली.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले, उत्पादन शुल्कात सवलती मिळाल्या. धोरणाचा भर उद्योगसंख्येवर होता. वाण व स्थळ यांच्या प्रतवारीचा विचार त्यात दुय्यम राहिला. २०१० च्या सुमारास 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. हे पाऊल महत्त्वाचे असले तरी दिंडोरी, निफाड, इगतपुरी या एकमेकांहून भिन्न जमिनी व पाऊसमान असलेल्या तालुक्यांमध्ये हे नाव भेद करीत नाही. व्यवहारात भेद केला तो पेढ्यांनी. २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणणाऱ्या 'सुला'चे नाव संस्थापक राजीव सामंत यांच्या मातोश्री सुलभा यांच्यावरून आले आहे, पण तिच्याच एका प्रतिष्ठित बाटलीवर 'दिंडोरी' हे गावाचे नाव छापले जाते. अल्सासप्रमाणे वाण, बोर्दोप्रमाणे पेढी आणि मधूनच बर्गंडीप्रमाणे गाव, अशी ही महाराष्ट्राची अनियोजित सरमिसळ आहे. तिच्यात द्राक्ष पिकवणारा कंत्राटी शेतकरी कोठेच नावाने येत नाही. शॅम्पेनच्या गावश्रेणीने इतर काही केले नसले तरी शेतकऱ्याच्या भावाला गावाच्या नावाशी बांधले होते. नाशिकच्या मानांकनाने तसा दुवा निर्माण केलेला नाही. गोव्यात २००९ मध्ये फेणीला मानांकन मिळाले तेव्हा ते काजूच्या फेणीला मिळाले, माडाची फेणी बाहेर राहिली. कच्चा माल कोणता हे ठरवताच कोणीतरी सीमेबाहेर जातो, हा गामेचा धडा तेथेही गिरवला गेला.

हाच प्रश्न भंडारा जिल्ह्यात मद्याविना उभा आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील सुवासिक चिन्नोर तांदळाला मध्य प्रदेशातील बालाघाटच्या नावाने २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यानंतर २०२३ मध्ये भंडाऱ्याच्या नावाने. नदी एकच, वाणाचे नाव एकच. १९५६ पूर्वी दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते. राज्यपुनर्रचनेने त्यांच्यात सीमा आली, जशी १७९० मध्ये जिल्हे पाडताना जुन्या शॅम्पेन प्रांतात मार्न आणि ओब यांच्यात आली होती. ओबला 'दुसरा विभाग' म्हणवून घ्यावे लागले. भंडाऱ्याला स्वतंत्र नाव मिळाले. तथापि दोन नावांच्या तांदळात जमीन, पाणी वा वाणशुद्धता यांमुळे नेमका कोणता फरक पडतो, याची बांधीनिहाय नोंद बोनच्या समितीने १८६१ मध्ये केली तशी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर व्हावयाची आहे.